अंगठ्याचा तंगूस

धरणाचे दरवाजे तुम्ही उघडलेत, भोंगा वाजवला नाहीत, आणि वर सांगितलंत की माझा लवूमामा दारू पिऊन नदीत पडला, तोंडाला वास येत होता. खुर्चीत बसून, चहा ढवळत सांगितलंत.

आता माझं ऐका.

दुपार आहे. जेवून चटईवर आडवा झालोय. डोळे मिटतायत आणि पाठीखालची चटई गार होत चाललीय. तळव्यांना पाणी लागतं. नदीच ही, डोहाकाठचा आमचा खडक. उजव्या पायाच्या अंगठ्याला तंगूस, गळाचा नायलॉन दोरा, बांधलेला, गरीचं टोक खोल पाण्यात. गरवताना डुलकी काढायची तर मामा असंच बांधायला लावायचा. मासा लागला की अंगठाच उठवतो. त्या झटक्याचं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, बायकोलाही हे सांगून झालंय.

ओढ लागते. जड. हातावर हात टाकत ओढतो, तर तंगूस धरून मामाच वर येतो.

"केवढी तांबोशी वाटली रे?"

"मामा, तू मेलास."

"मेलंय म्हणान गरवूचा सोडू काय?"

तो खडकावर बसतो. कपडे कोरडे, केसांतलं पाणी मात्र थांबत नाही. कोळंबी सोलून गरीला लावतो. गरवायच्या दिवशी त्याने कधी दारू-तंबाखूला बोट लावलं नाही. हाताचा वास आमिषाला लागतो, मासा तोंड फिरवतो. अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. तुम्ही विचारलंत कुणाला?

"तोंडाचो वास घे," मामा जवळ सरकतो. "घे मेल्या, लाजतस कित्याक?"

घेतो. चिखल. शेवाळ. कोळंबी. बाकी काही नाही.

खडकाची वाळू झालीय. आम्ही समुद्रात गुडघाभर उभे. फुटलेली लाट पायाखालची वाळू ओढून नेते, गुदगुल्या होतात. मामा गरी डोक्यावरून गरागरा फिरवून लाटेपलीकडे भिरकावतो.

"त्या दिवशी पाणी कसं आलं, मामा?"

"लख्ख उन्हात इला. पयले माशे पळाले. माका वाटला, मोठो जिताडो लागलो त्येंच्या पाठी. म्हणान मी मोठी गरी बांधूक बसलंय."

तो हसतो. मला हसू येत नाही.

लाट मागे सरते आणि खाली फरशी दिसते. तुमच्या कार्यालयाची. टेबलाच्या पायांना फेस चिकटलाय. मागे तुम्ही बसलात, चेहऱ्याच्या जागी नुसतं तोंड. ते उघडतं, उघडतच जातं. आवाज नाही.

"ह्यो भोंगो," मामा म्हणतो. "त्या दिशीपण असोच वाजलो."

आणि तो तुमच्या त्या तोंडात उतरतो, जिन्यावरून उतरावं तसा. तंगूस ताणला जातो. मी धरून आहे. अंगठा तुटेलसं वाटतं.

"सोड रे," आतून आवाज येतो.

मी सोडत नाही.

जागा होतो. खिडकीत ऊन. चटई कोरडी. मामाचा तंगूस खुंटीवर तसाच गुंडाळलेला, तो गेल्यापासून कुणी हात न लावलेला. माझ्या अंगठ्याभोवती मात्र ताजा वळ, दोऱ्याएवढा बारीक, कातडीत रुतलेला. त्यात नदीची ओली वाळू.

हाच पाय घेऊन उद्या तुमच्या दारात उभा राहणार आहे. वळ बघा, बोट लावून बघा. लवूमामाच्या तोंडाला दारूचा वास होता म्हणता, तो घेतला कुणी? आणि भोंगा का वाजला नाही? बोला.