डाव्या बाजूचे चार नट

भूतखेत म्हटलं की मी हसणाऱ्यातला माणूस. गॅरेजवाला आहे, जे हलतं ते कशानं तरी हलतं, एवढंच मानत आलो. तरी हे लिहितोय... भीतीपेक्षा लाजेपोटीच जास्त.

१९९६-९७ ची गोष्ट. जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्याला माझं गॅरेज होतं. माझे शाळेतले गुरुजी त्यांची जुनी अॅम्बेसेडर घेऊन आले. वळणावर गाडीचं बूड बाजूला सरकतं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना जाफराबादहून मुलीला पहिल्या बाळंतपणासाठी घरी आणायचं होतं.

मागचे रबरी बुश झिजले होते, ते बदलले. पण खरा दोष यू-बोल्टांत होता. मागचे स्प्रिंगचे पाटे अॅक्सलला तेच धरून ठेवतात. त्यांचे नट ढिले पडले की अॅक्सलच जागचं हलतं. उजव्या बाजूचे चार कसले. आमच्या उस्तादांची शिस्त अशी, की नट कसायचा, हातोडीनं एकदा ठोकून आवाज ऐकायचा, आणि मगच नट-बोल्टावर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे जबान, म्हणायचे. आदल्या वर्षीच ते वारले होते.

डावे चारही ढिले, पण आटे गंजलेले. रॉकेल घालून तासभर थांबावं लागलं असतं. टीव्हीवर मॅच लागलेली... मी न कसताच चारही नटांवर रेघा ओढल्या.

"सगळं बराबर झालं ना रे?" गुरुजींनी विचारलं.

"बिलकुल, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मुलीला घेऊन थेट गॅरेजवर आले. येताना गाडी सुतासारखी सरळ चालली, हे सांगायला. मुलगी बाकावर टेकली आणि सहज म्हणाली, "भाऊ, जाफराबाद सोडलं अन् सीटखाली ठकठक झाली. चारदाच. तवर गाडी लई हेलकावून राह्यल्ती, मंग एकदम धरून चालली."

वाटेत कुठं थांबलात का, कुणाला दाखवली का, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "तू केल्यावर कशाला दाखवू?"

बुश बघतो म्हणून मी गाडीखाली शिरलो. डाव्या चारही रेघा तुटल्या होत्या. बोल्टावरचा तुकडा जागच्या जागी, नटावरचा अर्धा फेरा पुढे — कसण्याच्या दिशेनं. पाना लावून पाहिला, एकही हलेना. धक्क्यांनी नट ढिले होतात हो, कसले जात नाहीत.

"काय रे, राह्यलं का काही?" वरून गुरुजींचा आवाज आला.

"न्हाई, गुरुजी. सगळं बराबर आहे."

या वेळी ते खरं होतं, पण माझ्या हातचं नव्हतं. ते नट कुणी कसले, मला आजही माहीत नाही. गुरुजींना खरं सांगायचं धाडस झालं नाही, आणि आता तेही राहिले नाहीत.

त्या दिवशी गाडीखालून बाहेर यायला मी फार वेळ लावला. भीतीनं नाही. बाहेर ती पोर पोटावर हात ठेवून बसली होती, आणि मला तिच्यासमोर उभं राहवणार नव्हतं.