भरतीच्या आदल्या संध्याकाळचा सिनेमा

एकवीस जानेवारीची संध्याकाळ. भावाने नदीतून आणलेल्या मासोळ्या मी राख लावून साफ करत होते. दुसऱ्या दिवशी मुलीची पोलीस भरतीची मैदानी परीक्षा होती. वर्षभर ती पहाटे नदीवरच्या कारध्याच्या पुलावर धावली होती. बारावीनंतर तिला या तयारीला मीच लावलं. आमच्या खानदानात एकही सरकारी नोकरी नाही. एक तरी असावी, एवढंच डोक्यात होतं.

सोबतच्या मुलींनी सांगितलं म्हणून तिने टीव्हीवर पोलिसांचा एक सिनेमा लावला. "आई, एकदम रियल आहे म्हणतेत."

मध्ये एक प्रसंग आला. कोठडीत एका माणसाला पालथं पाडून दोघे पट्ट्याने मारतात. संगीत नाही, संवाद नाही. फक्त पट्टा आणि त्या माणसाचं ओरडणं. मुलगी पुढे सरकून बघत होती. भाऊ दाराशी जाळ्याचा गुंता सोडवत बसला होता. त्याने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात बोटं घातली.

मुलगी पाळण्यात होती तेव्हा शेतातली मोटर चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी भावाला उचलून नेलं होतं. मोटर मालकाच्या पुतण्यानेच विकली होती. ते कळल्यावर त्याला "जा" म्हणाले, बस. थंडीत त्याची टाच अजून जमिनीला टेकत नाही. मुलीला आम्ही सांगितलं होतं, मामा मासे धरताना डोंग्यातून पडला.

"मामा, खरंच असं मारत असतीन का गा?" तिने हसत विचारलं.

"एवढं ओरडू नाई देत," भाऊ म्हणाला. "तोंडात दुपट्टा कोंबतेत. अन् तळव्यावर मारतेत. मंग उठवून चालवतेत, सूज दिसू नये म्हून."

"तुले कसं मालूम?"

"मले मारलं ना."

मला वाटलं, ती रडेल. पण ती विचार करून म्हणाली, "तू चोर नव्हता, मामा. तुह्या वेळेस त्यायची चूक झाली. चोराले तं माराच लागते ना?"

मी तशाच राखेच्या हातांनी टीव्ही बंद केला. "उद्या कुठी जायचं नाई."

"काहून नाई? वर्षभर तूच तं मले उठवलं!"

ते खरंच होतं. मी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाला, "जाऊ दे वो, बाई. घरात खाकी राहिली तं मले कोनी उचलनार नाई."

तो चिडलेला नव्हता. तक्रार करावी, मारणाऱ्याला शिक्षा व्हावी, असं त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. आपलं कुणीतरी आत असावं, एवढंच. मला वाद घालता येईना, कारण मलाही दुसरं काही माहीत नव्हतं. मी रस्सा केला. भाऊ पोटभर जेवला. मुलीने धावायचं म्हणून थोडंच खाल्लं. सिनेमाचा शेवट काय झाला ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला भंडाऱ्याच्या मैदानावर घेऊन गेले. पालकांना आत सोडत नव्हते. फाटकावरचा शिपाई माझ्याहून पुष्कळ लहान होता. "मावशी, मागं सरका," म्हणाला. मी सरकले. त्याआधी मात्र दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला आणि म्हटलं, "साहेब, पोरीकडे जरा लक्ष असू द्या."