मागील गुण

एकच बी.ए. पहिल्यापासून दोनदा केलेला माणूस उभ्या खानदेशात शोधून सापडायचा नाही, पण माझ्या ओळखीचा एक आहे. चोपड्याकडचे ते गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि बाहेरून परीक्षेला बसायचे. मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात परीक्षा विभागाचा कारकून होतो. गुरुजींच्या गुणपत्रिका युरियाच्या धुतलेल्या पिशवीत असत, पिशवीला सुतळी, आणि सुतळीची गाठ सोडता सोडता ते घरच्या म्हशीपासून शाळा तपासणीपर्यंत सगळं सांगून टाकत. तोवर खिडकीपुढची रांग व्हरांड्याबाहेर गेलेली असे.

त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीला गुण द्यायची खोड होती. कॅन्टीनच्या चहाला चव आणि उष्णता यांचे वेगवेगळे, लग्नातल्या बँडला, एस.टी.च्या ड्रायव्हरला, कीर्तनकाराला. एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेलो, तर भरिताचा पहिला घास घेऊन ते बायकोला म्हणाले, "बाहत्तर. मीठना दोन कमी." काकू शांतपणे म्हणाल्या, "परत तपासा," आणि ताटात आणखी भरीत वाढलं. फेरतपासणीत पाच गुण वाढले. नापास मात्र ते कुणालाच करीत नसत. यावलला जाताना बस दोनदा बंद पडली, तिलाही पस्तीस दिले. "नापास करनारा आपन कोन, भाऊसाहेब?" असं ते म्हणत.

गुरुजींना मुख्याध्यापक व्हायचं होतं. त्यासाठी पदवी हवी होती आणि निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. पहिली दोन वर्षं पास, तिसऱ्या वर्षाच्या सहापैकी चार पेपरांत सूट. राहिले होते फक्त दोन. तेवढ्यात विद्यापीठाची वाटणी झाली आणि आमचा जिल्हा नव्या विद्यापीठात गेला. जुने गुण इकडे चालतील का, हे विचारायला गुरुजी आले. अर्जात त्यांनी "मागील गुण कायम धरावेत ही विनंती" असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. वर मला हसून म्हणाले, "गाव बदललं म्हंजे माणूसना गुण जातस का, भाऊसाहेब?"

मी नव्या विद्यापीठाचं परिपत्रक काढलं आणि मोठ्या रुबाबात वाचलं: अन्य विद्यापीठाचे गुण ग्राह्य धरले जाणार नाहीत. गुरुजींचा हात सुतळीवरच राहिला. "बठ्ठा पेपर परत?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सगळे पेपर परत. नियम आहे, गुरुजी." ते म्हणाले, "चाली. अभ्यास काय वाया जास का?" आणि त्या वयात त्यांनी पहिल्या वर्षाचा फॉर्म भरला.

दोन वर्षांनी माझी धुळ्याच्या कॉलेजात बदली झाली. चार्ज देताना ते परिपत्रक पुन्हा हाती आलं. कागद पाठपोट छापलेला होता. मागच्या बाजूला लिहिलं होतं: मात्र जुन्या विद्यापीठातून वर्ग झालेल्या विद्यार्थ्यांचे गुण व सूट कायम राहतील. मी ती बाजू कधी पाहिलीच नव्हती.

खरी लाज मला त्या चुकीची वाटत नाही. चूक कुणाचीही होते. तेव्हा गुरुजी दुसरं वर्ष पास झाले होते. एक पोस्टकार्ड टाकलं असतं, तर तिसऱ्या वर्षाचे चार पेपर वाचले असते, दोन देऊन त्याच वर्षी मोकळे झाले असते आणि बढतीच्या यादीत बसले असते. पण साहेब मेमो देतील, नव्या ऑफिसात नाव खराब होईल, या भीतीनं मी परिपत्रक फाइलीला लावलं आणि धुळ्याची बस पकडली. सहा पेपर एका दमात निघाले नाहीत. गुरुजी साधे शिक्षक म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक पोरगा त्यांच्याच शाळेत मुख्याध्यापक झाला.

निवृत्तीनंतर वर्षभरानं गुरुजी धुळ्याच्या ऑफिसात उभे. हातात पेढे, काखेत पिशवी. पदवीचा कागद टेबलावर पसरून त्यांनी माझ्या सहकाऱ्यांना मोठ्यानं सांगितलं, "या भाऊसाहेबनी माले सरळ सांगी दिधं. दुसरा ऱ्हाता तर हेलपाटा माराले लावता." सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहू लागले. मी पेढा तोंडात घातला.

"एवढ्या लांब कशाला आलात, गुरुजी?" मी विचारलं.

"आते कोनले दावू? शाळा ते सुटी गई. म्हनीसन तुमलेच दावाले उनू."

कागदाची घडी घालून ते चोपड्याच्या गाडीसाठी निघाले. मी उठलो, त्यांच्यामागे दारापर्यंत गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून "गुरुजी" अशी हाकही मारली. ते वळले, हसले आणि वाट बघत थांबले.

"सांभाळून जा," मी म्हणालो.