काच चार बोटं खाली

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, साखर कारखान्यात फिटर होते. कसबा बावड्याच्या आमच्या घरात एखादी वस्तू आपोआप हलली की आण्णा म्हणायचे, "एकतर स्प्रिंग हाय, न्हायतर उंदीर हाय. तिसरं काय नसतंय." मी त्याच तालमीत वाढलेली. इथं लोक लिहितात ते भुताचे अनुभव वाचून आजवर नुसती हसत आलेय... त्यामुळे आज तुम्हाला माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा.

१९९७ साली माझं लग्न गडमुडशिंगीत झालं. माझं पहिलं, ह्यांचं दुसरं. ह्यांची पहिली बायको शालन. ती कावीळ होऊन गेली, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ह्यांचा धंदा गुळाच्या वाहतुकीचा. गुऱ्हाळघरातनं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरायच्या आणि कोल्हापूरच्या मार्केट यार्डात नेऊन उतरवायचे. त्यासाठी एक जुनी डिझेल पिकअप होती. मागं माल भरायचा हौदा, आणि पुढं केबिनमध्ये एकच सलग सीट, तिघं बसतील अशी. सायलेन्सरचा आवाज एवढा, की गाडी वेशीत आली की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चहाचं आधण ठेवायच्या.

पहिली ठिणगी लग्नाआधीच पडली. आमच्यात रीत आहे — दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा चांदीचा लहानसा टाक करून गळ्यात बांधायचा. म्हणजे ती कोपत नाही म्हणे. आत्याबाईंनी सोनाराला सांगूनही ठेवलं होतं. मी साफ नाही म्हटलं.

"माझ्या गळ्यात माझं मंगळसूत्र असंल. सवत गळ्यात बांधून हिंडायला मी काय बिनडोक हाय व्हय?"

आत्याबाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझी मर्जी. पन ती लई मानी बाई हुती बघ."

झालं... मानी! मला जी आग लागली म्हणून सांगू! अहो, सवत जिवंत असली तर तिच्याशी भांडता येतं, तिच्या आमटीत मीठ जास्त झालंय म्हणता येतं. मेलेलीच्या आमटीत मीठ कधीच जास्त होत नाही. मुडशिंगीत मला पहिल्या महिन्यातच कळून चुकलं की शालनची भाकरी पातळ व्हायची, शालनचा आवाज गोड होता, शालन कुणाला उलट बोलायची नाही. मी सगळ्याला "व्हय का?" म्हणायची आणि आत जाऊन भांडी आपटायची.

त्या गाडीत मी पहिल्यांदा बसले ती जोतिबाला जाताना. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. मी खिडकीकडं बसले, हे गाडी चालवत होते. माझ्या बाजूची काच चार बोटं खाली होती. मी हँडल फिरवून ती वर घेतली. केर्लीच्या पुढं चढ लागला तसा कानाला गार वारा लागायला लागला. बघते तर काच पुन्हा चार बोटं खाली! परत वर घेतली. थोड्या वेळानं परत तेच.

"अवो, ही काच वर ऱ्हाईना की!"

हे हसले. "ऱ्हाऊ दे. शालनला काच लावली की मळमळायचं. चार बोटं तरी उघडी लागायचीच. गाडीला सवय झालीया."

गाडीला सवय! आणि तुम्हाला? हे मी मनात म्हटलं. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून डोक्यावरची झडप खाली ओढली, तर तिच्या आतल्या बाजूला टिकल्या चिकटवलेल्या. मरून रंगाच्या, ओळीनं. रोज घरी परतताना कपाळावरची काढून तिथं लावत असणार. म्हणजे ही बाई रोज ह्यांच्याबरोबर मार्केटला जायची. पुढं मी जायला लागले तेव्हा ते कळलंच. चहावाल्यापासून हमालांपर्यंत सगळ्यांची 'वहिनी' तीच होती, आणि मी 'नव्या वहिनी'. जोतिबासमोर हात जोडले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर देव नव्हता, त्या टिकल्या होत्या.

आता मी पडले फिटरची लेक. काच खाली येते म्हणजे आतलं मशीन झिजलंय, एवढं मला कळत होतं. उद्यमनगरात इस्माईल मिस्त्रींचं गॅरेज आहे, ह्यांची गाडी तिथंच जायची. मी स्वतः उभी राहून नवं मशीन टाकून घेतलं, रबर बदलून घेतलं. मग काचेला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. जराही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मार्केटला जाताना कावळा नाक्यापर्यंत मी तिच्यावर नजर ठेवून होते. तिथं ओळखीची बाई दिसली म्हणून हात केला, आणि वळून बघते तर चार बोटं खाली. आवाज नाही, हिसका नाही, हँडल फिरलेलं नाही.

"हमाल बसत्यात तवा हलत बी न्हाय काच," हे म्हणाले.

मला वाटलं, मुद्दाम डिवचताहेत. म्हणून मी यार्डात एका हमालाला खिडकीकडं बसवून चक्कर मारायला लावली. काच जागच्या जागी. मी बसले की खाली. आता मला सांगा, जळू नको तर काय करू?

पुढच्या वर्षी इंजिननं मान टाकली. काळा धूर ओकायची, ऑइल प्यायची, चढाला रवे भरलेली गाडी मागं सरकायची. मी म्हटलं, विकून टाका. हे म्हणाले, "बॉडी चांगली हाय." बॉडी ठिकठिकाणी गंजलेली. चांगलं काय होतं ते मला बरोबर माहीत होतं! मग मी म्हटलं, ठीक आहे, ठेवायची तर ठेवा, पण सगळी नव्यानं करायची. आणि काय करायचं ते मी ठरवणार.

काम चाललं तेवढे दिवस मी रोज दुपारी डबा घेऊन उद्यमनगरात जात होते. इंजिन उतरवून बोअर करून आणलं. मागं स्प्रिंगचे दोन पाटे वाढवले, म्हणजे गाडी बसायला नको. हौद्याला उंच फाळके केले. मातकट रंग घासून काढून निळा मारायला लावला. सीट तर मी स्वतःच फाडली, आतला काथ्यासुद्धा ठेवला नाही. मिस्त्री हसायचे, "वहिनी, तुमी गाडी दुरुस्त करताय का सूड उगवताय?"

टिकल्या मी ब्लेडनं खरवडायला बसले तेव्हा हे शेजारी येऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "एक तरी ऱ्हाऊ दे की."

"एकबी न्हाय."

हे बाहेर जाऊन चहा पीत बसले. मी शेवटची टिकली काढली आणि वर रॉकेलचा बोळा फिरवला.

आणि सर्वात शेवटी दार. मिस्त्रींकरवी भंगारातनं दुसऱ्या एका गाडीचं सबंध दार आणवलं. काच, मशीन, हँडल, कडी — सगळं त्याचंच. त्या दारानं शालनला आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते बसवून झाल्यावर मी असा काही निःश्वास सोडला!

खंडेनवमीला गाडीची पूजा झाली. नवा निळा रंग, झेंडूची माळ, बॉनेटवर हळदीकुंकू. मी नवी साडी नेसून खिडकीकडं बसले, काच पूर्ण वर. ह्यांनी गाडी काढली. इंजिनचा आवाजसुद्धा बदललेला, एकदम गोड. गावातनं बाहेर पडलो, उसाची शेतं लागली. मला इतकं बरं वाटत होतं की मी क्षणभर डोळे मिटले.

कानाला गार वारा लागला.

डोळे उघडले. चार बोटं. ह्यांच्याकडं बघितलं. हे रस्त्याकडं बघत होते आणि ओठांच्या कडेला हसू होतं. त्या काचेपेक्षा मला ते हसू जास्त लागलं.

"गाडी थांबवा. थांबवा म्हणतोय न्हवं! तुमच्या शेजारी मी बसलोय का ती?"

"मला काय म्हाईत? मी रस्त्याकडं बघतूय." मग जरा थांबून म्हणाले, "बसली आसंल. तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय? माझी जागा जातीया! एकतर ही गाडी ठेवा न्हायतर मला ठेवा. मी चाललो बावड्याला."

आणि गेलेही. बॅग भरून, एसटीनं.

आठवडाभर ह्यांचा पत्ता नाही. आई म्हणाली, गाडीच्या काचेपायी कुणी नवरा सोडतं का? मी म्हटलं, काचेपायी नाही. ज्या दिवशी हे आले त्या दिवशी त्याच गाडीतनं आले. मी दारातच उभी राहिले, यायला तयार नाही. आण्णांनी आमचं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पावणं, च्या घ्या. आदी ती काच बघू या. बाकीचं मागनं."

त्यांनी दाराचा आतला पुठ्ठा काढला. काच पूर्ण वर घेऊन तिच्याखाली बसेल असा सागवानी ठोकळा टेपनं मोजून कापला आणि दाराच्या आत ठोकून बसवला. म्हणजे मशीन निकामी झालं तरी काचेला खाली यायला जागाच नाही. "आता काच न्हाय, भिंत हाय," आण्णा म्हणाले.

मग तिघांनी चक्कर मारली. हे चालवायला, मी मध्ये, आण्णा खिडकीकडं. सगळा बावडा फिरून आलो, काच जागच्या जागी. आण्णा दारात उतरले, मला म्हणाले, "बघितलंस? जा आता सुखानं." मी बॅग आणली, खिडकीकडं सरकून बसले. गाडी गल्लीच्या टोकाला पोहोचली नाही तोवर काच चार बोटं खाली.

मी ओरडले नाही. ह्यांनी गाडी मागं घेतली. आण्णांनी पुन्हा पुठ्ठा काढला. ठोकळा जागेवर होता, अखंड. काचेची खालची कड त्याच्यावर टेकलेली होती. आणि वर चार बोटं फट. आण्णांनी ठोकळा मोजला, मघाशी होता तेवढाच. काच मोजली, दार मोजलं. सगळं मघाशी होतं तेवढंच, मग ती फट आली कुठनं? त्यांनी परत एकदा मोजलं. मग टेप गुंडाळून खिशात ठेवला, पुठ्ठा लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, मला ह्यातलं काय कळत न्हाय." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

मग हे बोलले. हात स्टिअरिंगवरच होते.

"मी गाडी इकतो. उद्याच इकतो. तू चल."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. डोळे भरलेले होते, आणि तरी माणूस खरं बोलत होता. खरंच विकली असती त्यांनी. अहो, वर्षभर मला एवढंच ऐकायचं होतं! काच, दार, रंग, सीट... सगळा खटाटोप त्या एका वाक्यासाठी होता. आणि ते ऐकल्यावर माझ्या अंगातलं सगळं वारं एकदम बसलं.

"नको इकू," मी म्हटलं. लग्नानंतर त्यांना पहिल्यांदा अरेतुरे केलं, आण्णांसमोर. बॅग हौद्यात टाकली, आणि खिडकीकडं न बसता आत सरकून मध्ये बसले. गिअरच्या दांड्याला गुडघा लागत होता, खांदा ह्यांच्या खांद्याला. मग डावीकडच्या मोकळ्या जागेला मोठ्यानं सांगितलं, "बस बाई. पन खिडकीकडंच बसायचं. हिकडं सरकायचं न्हाय."

आण्णांनी बाहेरनं दार लावलं.

टाक मी पुढं करून आणला. गळ्यात नाही बांधला, नाही म्हणजे नाही. त्या दाराच्या काचेच्या हँडलला लाल दोऱ्यात बांधला. आत्याबाईंनी पाहिला आणि त्याला हळदीकुंकू लावलं.

त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. धंद्याला दुसरी नवी गाडी आली, पण ही निळी अजून आहे. आम्ही दोघं कुठंही जायचं तर हिच्यातनंच जातो. ती काच तेव्हापासून चार बोटं खाली आहे. वर घ्यायचा प्रयत्न मी करत नाही. ठोकळा अजून दाराच्या आत आहे. इंजिनिअर झालेल्या माझ्या भाच्यानं लाकूड आकसणं, काचेचं प्रसरण असं बरंच काही सांगितलं. मग मी त्याला पुठ्ठा काढून टेप हातात दिला. त्यानंही तीनदा मोजलं आणि टेप मला परत दिला. तुमच्यापैकी कुणाकडं उत्तर असेल तर जरूर लिहा. माझ्याकडं नाही.

यार्डातली माणसं विचारतात, वहिनी, खिडकी मोकळी असताना मध्ये अवघडून का बसता? मी म्हणते, मला वारा सोसत नाही. खरं कारण असं की तिसरा गिअर टाकताना ह्यांचा हात माझ्या गुडघ्याला लागतो. अजून लागतो. तो लागला की मी मुद्दाम खिडकीकडं बघते.

जळू दे!