आठवा लागायच्या आत

लेकीला बाळंतपणाला सातव्यात आणायचं, आठवा लागला की हलवायचं नाही, ही आमची रीत. पहिल्या खेपेला तिच्या सासरहून, परंदवडीहून, बैलगाडीनं स्टेशनावर नेताना तिला हिसके बसले आणि पोटातलं पोर गेलं. या खेपेला मोटारीनंच आणायची, असं आमच्या मालकांनी ठरवलं. लोणावळ्यात ते स्वतःची मोटार भाड्यानं चालवायचे. पण मेली मोटारच खटारा! गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी कमानींच्या टोकांतले रबरी बुश पार झिजलेले, खड्डा आला की आपले दात वाजायचे. लढाई चालू, रबर कुठं मिळेना. कसेबसे नवे बुश मिळाले तेव्हा आठवा लागायला दोनच दिवस उरले होते.

अंगणात ओंडक्यांवर गाडी चढवली. जुने बुश निघता निघेनात, ह्यांचा घण चालू. मी आत-बाहेर, आत-बाहेर. भात करपला तरी पत्ता नाही. संध्याकाळी नवे बुश बसले. आता चाकं जमिनीला टेकवायची, गाडीचं वजन पडू द्यायचं, मगच नट आवळायचे. अधांतरी आवळले तर वजन पडल्यावर रबर पिळून फाटतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तेवढ्यात माझ्या सासूबाई दारात उभ्या. "आज आवस हाय. चाक भुईला लावायचं न्हाई."

"अहो, सांगा ना त्यांना!" मी ओरडले. हे आईपुढं कधी बोललेत? मुकाट्यानं अधांतरीच आवळलं सगळं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी खंडाळ्यापर्यंत फिरवून आणली, तर खडखडाट! एका बाजूचं रबर फाटलेलं. मग जुन्या टायरचा तुकडा कापून बसवला, या वेळी चाकं जमिनीवर ठेवून. त्यात तो दिवस गेला, आणि आठवा लागला.

तरी गेलो. विहीणबाई ओट्यावरच म्हणाल्या, "आता कशी न्यायची? आठवा लागला की." जन्मभर मीही हेच सांगत आले होते.

तेवढ्यात लेक बोचकं घेऊन बाहेर आली आणि सरळ मोटारीत जाऊन बसली.

"आई, पहिल्या बारीला रीतीनं सातव्यातच नेलतं की मला," ती सासूला म्हणाली. "काय ऱ्हायलं हाताला?"

विहीणबाई आत गेल्या, उशी घेऊन आल्या आणि तिच्या पाठीशी नीट लावून दिली.