आज काका स्टूलवर नव्हते

मंडळी, हे आत्ताच घडलंय. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

हाटकेशला आमचा छोटा गाळा आहे. पाण्याखाली वापरायचे दिवे आम्ही तपासतो. दिवा लोखंडी टाकीत ठेवायचा, पाणी भरायचं आणि प्रेशर हळूहळू वाढवत न्यायचं. आजवर हे काम नवघरचे विलासकाका टाकीला खेटून बसून, हाताने व्हॉल्व्ह फिरवत करायचे.

आजपासून ते काम माझा प्रोग्राम करणार होता. सकाळी नारळ फोडला, पण काका रुसलेले. "हात हाय तवर मशीन कशाला?" म्हणत स्टूलवरून हलेचनात. शेवटी चहाच्या निमित्ताने मी त्यांना भिंतीआड माझ्या टेबलापाशी बोलावलं आणि टेस्ट सुरू केली.

प्रेशर अर्ध्यावर गेलं आणि टाकीच्या झाकणाचं सील फाटलं. प्रोग्रामने लगेच पंप बंद केला, पण तेवढ्यात पाण्याची बारीक धार सुटली होती. काकांच्या प्लास्टिकच्या स्टूलला आरपार भोक पडलं.

 काकांनी तेच स्टूल उचलून माझ्या कॉम्प्युटरशेजारी ठेवलं. "सरक जरा. मला पण दाखव."

प्रोग्रामपेक्षा त्या चहाचे उपकार मोठे वाटतायत. तुमच्याकडेही कोणी रोज असं धोक्याला खेटून बसत असेल, तर उद्या त्यांना चहाला बोलवाल ना?