टाचेवरचा डाग

समुपदेशनाला आलेल्या माणसाला मी आधी त्याचं घर काढायला लावते. मोठा कोरा कागद, त्यावर पुरुषाला चौकोन, बाईला गोल आणि वारलेल्यावर फुली. मग कोणाचं कोणाशी जुळतं, कोण कोणाशी बोलत नाही, त्याच्या रेघा. घरातलं एक माणूस आजारी पडतं तेव्हा ते सगळ्या घराचं काहीतरी ओढत असतं, असं आमचं शास्त्र सांगतं. सांगायला लाज वाटते, पण मला या कागदाचा भारी गर्व होता. दोन भेटींत घर ओळखते, असं मी चारचौघांत म्हणायची.

ती मुलगी कामठीहून शेअर ऑटोने नागपुरात सक्करदऱ्याला माझ्या खोलीवर यायची. वडिलांचे दोन यंत्रमाग, आई घरी, एक धाकटा भाऊ. हिला पुण्यात दोनदा नोकरी लागली होती आणि दोन्ही वेळा बसस्टँडवर हिचे पाय गुडघ्याखाली गार पडले, उचलेनात. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आता तिसरं पत्र आलं होतं आणि तीन आठवडे हातात होते.

"या खेपेला नाही गेली तर मले कोणी बोलावणार नाही, मॅडम," ती म्हणाली.

मी कागद बघून निदान ठोकलं. आईवडिलांचं पटत नाही, ही आजारी पडली की दोघं एक होतात, म्हणून हिचे पाय अडतात. आई, वडील आणि मध्ये ही, असा त्रिकोण. तिने शांतपणे ऐकलं आणि "असंन," एवढंच म्हणाली. ते "असंन" मला रात्रभर टोचत राहिलं. पुढच्या वेळी दोघांना घेऊन ये, असं मी सांगितलं.

भर दुपारी तिघं आली. वडील खिडकीशी बसले, मुलगी आईशेजारी. मी त्या कागदाची फुल्या नसलेली नक्कल आईपुढे सरकवली, हातात पेन्सिल दिली आणि वारलेल्यांवर फुली मारायला सांगितलं. तिने सासऱ्यावर मारली, सासूवर मारली, स्वतःच्या भावावर मारली. मग पेन्सिल खालच्या ओळीत आली. तिथे मुलाचा चौकोन आणि मुलीचा गोल, दोनच आकृत्या होत्या. भाजीत मीठ टाकावं इतक्या सहज तिने मुलीच्या गोलावर फुली मारली.

"अहो, ही तर इथे बसलीय," मी म्हटलं.

"हो ना बाई. पण गेली होती ना ते. सहा महिन्याची होती, तापानं गेली. पुरायले नेलं तवा मीच तिच्या डाव्या टाचेवर काजळाचं बोट लावलं, परत आली त वळखू यावी म्हून. सालभरानं हे झाली, त डाग तिथंच! हे तेच होय."

मुलीने डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

मला भीती वाटली. शास्त्रबिस्त्र सगळं बाजूला राहिलं. समोर तेवीस वर्षांची मुलगी होती आणि तिच्या आईच्या लेखी ती एकदा पुरलेली होती. मग एकेक गोष्ट निघत गेली. नाव त्या गेलेल्या पहिल्या मुलीचंच ठेवलं होतं. जन्मदाखला घरात होताच, तोच शाळेत दिला. तेवीस हे वयसुद्धा पहिलीचं होतं. वाढदिवसही तिचाच.

"मला का नाही सांगितलंस?" मी मुलीवर जवळजवळ ओरडलेच.

"ते त घरी सगळ्यांले माहीत आहे, मॅडम."

चूक माझी होती. मी जिवंत माणसं मोजत बसले होते. एकदा हातची गेलेली मुलगी परत मिळाली, ती आता पुन्हा उंबरठ्याबाहेर जायला निघाली, हे त्या आईचं भय मुलीच्या पायांत उतरलं होतं. मी घाईघाईने शेजारी एक छोटा गोल काढला. म्हटलं, "ती फुली इथली. ही मुलगी वेगळी आहे."

"काहून वेगळी? आम्ही काय येडे आहो?" आईने कागद ढकलून दिला.

मग मुलीने विचारलं, "आई, मंग मी कोणत्या दिवशी झाली वं?"

आईने बोटांवर महिने मोजायला घेतले आणि मध्येच सोडले. तिला आठवत नव्हतं.

"लाईन गेली होती त्या दिवशी," वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले. "साऱ्या मोहल्ल्याचे माग बंद. इचं रडणं पार चौकापर्यंत आयकू गेलं."

आईने मान वळवून मुलीकडे पाहिलं. दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघतात तसं, केसांपासून पायांपर्यंत. मुलगी हलली नाही. ती नजर मला अजून सहन होत नाही. छोट्या गोलावर फुली न मारताच तिघं निघून गेली.

दोन आठवड्यांनी दुपारी फोन आला. मागे गाड्यांचा गोंगाट होता.

"पुण्यात पोचली, मॅडम."

"आणि पाय?"

"गार पडले होते. तशीच चढली बसमध्ये." मग म्हणाली, "निघताना आईनं टाचेले काजळाचं बोट लावलं. ठेवू का पुसू?"

ते बोट त्या बाईने याआधी कधी लावलं होतं, हे मला माहीत होतं.

"कोणत्या टाचेला?"

"उजव्या. डाग त डाव्या टाचेवर आहे ना."

मी म्हटलं, "राहू दे. आंघोळ केलीस की जाईल आपोआप."

"हो," ती म्हणाली. "पण आज नाही करत आंघोळ."